ॲप बनवताना मानसशास्त्र कुठे लागतं?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला मानसशास्त्राचा एकही पेपर नव्हता. नोकरी लागल्यावर मात्र एक काम आलं: ‘सबस्क्रिप्शन रद्द करा’ हे बटण लहान आणि फिकट करून सेटिंग्जमध्ये खूप आत न्यायचं. मी ते केलं. बटण चालू होतं, फक्त लोकांना सापडत नव्हतं. त्यात कोडपेक्षा मानसशास्त्र जास्त होतं, हे मला नंतर कळलं.

फिट्सचा नियम काय आहे?

१९५४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी दाखवलं की एखाद्या गोष्टीपर्यंत हात न्यायला किती वेळ लागेल, हे तिच्या अंतरावर आणि आकारावर ठरतं. मोठी आणि जवळ असेल तर पटकन, लहान आणि लांब असेल तर उशिरा. पुढे झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी माऊस, जॉयस्टिक आणि कीबोर्डच्या कीज यांची तुलना केली. १९७८ च्या त्यांच्या पेपरमध्ये माऊस सरस ठरला, आणि त्याचा वेगही फिट्सच्या नियमात बसला. फोनवर महत्त्वाची बटणं अंगठ्याजवळ आणि मोठी ठेवतात, ती याच हिशोबाने. मी तोच नियम उलटा वापरला होता.

स्क्रोल थांबत का नाही?

बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. दाणा कितव्या टोचीला मिळेल हे ठरलेलं नसेल, तर कबुतर टोचतच राहतं. फीड रिफ्रेश करताना आपलंही तसंच होतं: पुढे काय येईल माहीत नसतं. त्यात २००६ मध्ये एझा रास्किन यांनी न संपणारा स्क्रोल तयार केला. पान संपलं की आपण थांबून विचार करायचो, ती जागाच गेली. याबद्दल त्यांनी पुढे जाहीर खंतही व्यक्त केली.

आपण काय करू शकतो?

अशा फसव्या डिझाइनला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे १३ प्रकार नियमबाह्य ठरवले. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ त्यातलाच एक.

- ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल, तर तिथे प्रोफाइलवर टॅप करून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा.
- माणसांचे मेसेज सोडून बाकी नोटिफिकेशन बंद करा.
- रद्द करायचा पर्याय सापडतच नसेल, तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

एखादं बटण सापडलं नाही की आपण म्हणतो, ‘मला टेक्नॉलॉजीतलं कळत नाही.’ पण प्रत्येक वेळी चूक तुमची नसते. कधीकधी माझ्यासारख्या कुणीतरी ते मुद्दाम लपवलेलं असतं.