विदर्भ आणि रणजी करंडक

महाराष्ट्र राज्य एक असले तरी क्रिकेटच्या नकाशावर त्याचे तीन भाग आहेत. रणजी करंडकाच्या स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन स्वतंत्र संघ उतरतात. त्यांपैकी मुंबईने हा करंडक २०१७ पर्यंत ४१ वेळा जिंकला होता. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने तो १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत पुण्यास आणला. विदर्भाच्या नावापुढे मात्र काहीच नव्हते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, जुन्या मध्यप्रदेशातून विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ या नावाचा संघ स्पर्धेत खेळू लागला. त्यानंतरची सहा दशके हा संघ खेळत राहिला, आणि अंतिम सामना त्याने दुसऱ्यांचाच पाहिला.

या अपयशाचे कारण केवळ दैव म्हणून सांगता येणार नाही. विभागवार सामन्यांच्या काळात विदर्भाची गाठ मध्य विभागातील राजस्थान, उत्तर प्रदेश, रेल्वे अशा संघांशी पडे, आणि त्यांतून पुढे सरकणे कठीण जाई. २००२-०३ पासून संघांची एलिट आणि प्लेट अशी प्रतवारी झाली, तेव्हा विदर्भाच्या वाट्यास बहुतेक वर्षे दुसरी पंगत आली. गंमत अशी, की २००८ साली नागपूरजवळच्या जामठा येथे मोठे नवे क्रीडांगण उभे राहिले आणि त्याच वर्षी तेथे भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सामनाही झाला. परंतु त्या मैदानाचा यजमान संघ देशातील दुबळ्या संघांतच मोजला जात होता. घर मोठे, आणि घरचा माणूस ओसरीवर! विदर्भातून कसोटी सामना खेळणारा पहिला खेळाडू उमेश यादव. कोळशाच्या खाणीतील कामगाराचा हा मुलगा २०११ साली कसोटी संघात आला. त्याआधी प्रशांत वैद्य यांनी नव्वदीच्या दशकात भारताकडून एकदिवसीय सामने खेळले होते, एवढेच.

खरी उणीव दिसत होती ती वृत्तीत. आपण स्पर्धेस जातो ते खेळण्यासाठी, जिंकणारे निराळे, अशी समजूत एकदा संघात रुजली की ती पिढ्यानुपिढ्या चालते. ती मोडण्यासाठी बाहेरची माणसे आणावी लागली. २०१७ साली चंद्रकांत पंडित विदर्भाचे मार्गदर्शक झाले. त्यांनी २०१५-१६ साली मुंबईला करंडक मिळवून दिला होता, आणि शिस्तीचा कडक माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता. मुंबईकडून आठ वेळा करंडक जिंकलेले वासिम जाफर चाळिशीच्या उंबरठ्यावर विदर्भाकडून खेळत होते. कर्नाटकातून आलेला गणेश सतीश होता. कर्णधार मात्र नागपूरचाच होता, तो म्हणजे फैज फजल. उसनवारीच्या खेळाडूंवर काही रसिक नाक मुरडतात; पण बाहेरचा ज्येष्ठ माणूस घरच्या तरुणांना काय शिकवतो हे पाहावयास हवे, आणि या हंगामाने ते दाखविले.

रणजी स्पर्धेचा त्या वर्षीचा आराखडा असा होता: २८ संघ, सात-सात संघांचे चार गट, प्रत्येक संघास साखळीत केवळ सहा सामने, आणि प्रत्येक गटातून दोनच संघ बाद फेरीत. म्हणजे ऑक्टोबरात गमावलेले गुण नोव्हेंबरात भरून काढण्यास फारशी संधी नाही. निर्णायक विजयास सहा गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी एक, आणि सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर तीन. विदर्भाच्या गटात बंगाल, पंजाब, हिमाचल प्रदेश, गोवा, छत्तीसगड आणि सेनादल हे संघ होते. ३१ गुण मिळवून विदर्भ गटात पहिला आला, तरी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. डिसेंबरात सुरत येथे उपांत्यपूर्व सामन्यात केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला, तेव्हाही केरळ प्रथमच या टप्प्यावर आल्यामुळे तो नवख्यांचा सामना मानला गेला.

कसोटीचा प्रसंग आला तो कलकत्त्यास, ईडन गार्डन्सवर. समोर आठ वेळा करंडक जिंकलेला कर्नाटकचा संघ होता. १७ डिसेंबर २०१७ रोजी सामना सुरू झाला आणि विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. करुण नायरच्या १५३ धावांच्या जोरावर कर्नाटकने ३०१ धावा केल्या. ११६ धावांची पिछाडी! जुना विदर्भ येथेच खचला असता. पण गणेश सतीशने आपल्याच पूर्वीच्या संघाविरुद्ध ८१ धावा केल्या, आदित्य सरवटेने अर्धशतक झळकावले, आणि दुसरा डाव ३१३ पर्यंत गेला. कर्नाटकला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. कर्नाटकच्या फलंदाजीपुढे ही संख्या मोठी नव्हती.

या ठिकाणी रजनीश गुरबाणी पुढे आला. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला हा तरुण मध्यमगती गोलंदाज. चेंडू फार वेगाने टाकीत नसे, पण अचूक टाकी आणि हवेत वळवी. चौथ्या दिवसअखेर कर्नाटकची अवस्था सात बाद १११ झाली. पाचव्या सकाळी ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. विदर्भाचा विजय आता केवळ औपचारिक राहिला, असे वाटण्यासारखी ती स्थिती होती. कर्णधार विनयकुमारने ३६ धावा केल्या, आणि तो गेल्यावर श्रेयस गोपाळ व अभिमन्यू मिथुन यांनी नवव्या गड्यासाठी ४८ धावा जोडल्या. एकेक धाव विदर्भाच्या मुठीतून निसटत होती. नऊ धावा बाकी असताना गुरबाणीने मिथुनला परतविले. धावसंख्या १९२ झाली असताना शेवटचा गडीही त्यानेच बाद केला. गोपाळ २४ धावांवर नाबाद राहिला. विदर्भ पाच धावांनी जिंकला. दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात १६२ धावांत १२ बळी, ही गुरबाणीची कामगिरी होती.

अंतिम सामना २९ डिसेंबरपासून इंदूरच्या होळकर मैदानावर, आणि प्रतिस्पर्धी दिल्ली. सात वेळचे विजेते, कर्णधार ऋषभ पंत, संघात गौतम गंभीर. दिल्ली आणि मराठी माणूस म्हटले की मोहिमांच्या उपमा चटकन सुचतात. दिल्लीच्या उत्तरेस रिजवर विल्यम फ्रेझरने बांधलेला बंगला पुढे बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांच्याकडे आला. १८५७ च्या रणधुमाळीत त्याला तोफांचे घाव बसले, आणि त्यांच्या नावाचे रुग्णालय आज तेथे आहे. पण इंदूरच्या सामन्यास तसली उपमा शोभणार नाही. ही स्वारी नव्हती. विदर्भाच्या अकरांत नाना प्रांतांची आणि धर्मांची माणसे होती, आणि त्यांनी जे केले ते चिकाटीचे, बरेचसे कंटाळवाणे काम होते.

फजलने नाणेफेक जिंकून प्रथम क्षेत्ररक्षण पत्करले. ध्रुव शोरीने दिल्लीसाठी १४५ धावांची मोलाची खेळी केली. पहिल्या दिवसअखेर दिल्ली सहा बाद २७१ होती. दुसऱ्या सकाळी २४ धावांत उरलेले चारही गडी गेले. गुरबाणीने एका षटकाच्या अखेरच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचा, आणि पुढील षटकाच्या पहिल्याच चेंडूवर शोरीचा त्रिफळा उडविला. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक करणारा तो दुसराच गोलंदाज. त्यापूर्वी १९७२-७३ साली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम् यांनी मुंबईविरुद्ध ती केली होती. उमेश यादव तेव्हा भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता; त्याच्यावाचून विदर्भाची गोलंदाजी उभी राहिली, हे विशेष.

दिल्लीच्या २९५ धावांना उत्तर देताना विदर्भाचे सहा गडी बाद झाले तेव्हा आघाडी अजून दूर होती. यष्टीरक्षक अक्षय वाडकर या २३ वर्षांच्या तरुणाने सरवटेबरोबर सातव्या गड्यासाठी १६९ धावा जोडल्या. प्रथम श्रेणीतील त्याचे पहिलेच शतक, तेही अंतिम सामन्यात: १३३ धावा. खालच्या क्रमाकावर आलेल्या सिद्धेश नेरळनेही ७४ धावा काढल्या. विदर्भ ५४७. मग अक्षय वाखरे आणि सरवटे यांच्या फिरकीने दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपविला. २९ धावा हव्या होत्या. १ जानेवारी २०१८ रोजी, चौथ्याच दिवशी, जाफरने चौकार मारून सामना संपविला, आणि विदर्भ नऊ गडी राखून विजेता ठरला.

अशा विजयाकडे नवल म्हणून पाहिले जाते आणि पुढल्या वर्षी त्याचा विसर पडतो. विदर्भाच्या बाबतीत तसे झाले नाही. २०१८-१९ साली सौराष्ट्रास नागपुरात हरवून त्याने करंडक राखला. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने त्यास नमविले; पुढच्याच हंगामात, २०२४-२५ साली, उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईस बाहेर काढले. अंतिम सामना जामठ्याच्या त्याच मैदानावर केरळशी झाला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. त्या वेळी कर्णधार होता अक्षय वाडकर; आणि त्या सामन्यात ८६ व १३५ धावा काढणारा फलंदाज होता करुण नायर, ईडन गार्डन्सवर विदर्भाविरुद्ध १५३ धावा करणारा, तेव्हा विदर्भाकडून खेळणारा.