कंबरलँड बेट

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सर्वांत मोठे व सर्वांत दक्षिणेकडचे रोधक बेट. लांबी सुमारे २८ किमी. किनाऱ्याला समांतर पसरलेले हे वाळूचे बेट अटलांटिकच्या लाटा अंगावर घेते; त्याच्या पाठीमागच्या निवांत पाण्यात विस्तीर्ण खाजणे तयार झाली आहेत. १९७२ मध्ये बेटाला राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून संरक्षण मिळाले.

सेंट मेरीझ गावातून फेरीबोटीने पाऊण तासात येथे पोचता येते. पूल नाही, दुकानही नाही. शिदोरी सोबत न्यायची आणि कचरा परत आणायचा. दिवसाला सुमारे ३०० पर्यटकांची मर्यादा येथे दीर्घकाळ पाळली गेली आणि बेटाची शांतता तिच्यामुळेच टिकली.

सी कॅम्पच्या धक्क्यावरून समुद्राकडे जाताना ओकची दाट राई लागते. तिच्या वेड्यावाकड्या, आडव्या फांद्यांवर नेचे वाढते. कोरड्या दिवसांत ते तपकिरी होऊन आक्रसते, पार मेल्यासारखे दिसते. पावसाची एक चांगली सर आली की काही तासांत हिरवेगार उलगडते. राई संपल्यावर वाळूच्या टेकड्या आणि मोकळी पुळण. उन्हाळ्यातील रात्री लॉगरहेड कासवांच्या माद्या येथे येऊन एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात. बेटावरचे मोकाट घोडे देखणे आहेत, पण टेकड्यांची वाळू धरून ठेवणारे गवत ते चरतात, हे नुकसान मोठे आहे.

मूळ रहिवासी तिमुकुआ लोक. सोळाव्या शतकात स्पॅनिश मिशनरी आले. पुढे गुलामांच्या श्रमांवर कापसाचे मळे उभे राहिले. रॉबर्ट स्टॅफर्डच्या मळ्यातील गुलामांच्या खोपट्यांची आता फक्त विटांची धुराडी उरली आहेत. उद्योगपती अँड्रू कार्नेगींचे बंधू टॉमस यांच्या कुटुंबाचा डंजनेस हा वाडा १९५९ मध्ये जळाला. बहुतेक पर्यटक त्याचे भग्नावशेष पाहून परततात.

उत्तर टोकाला यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांची ‘सेटलमेंट’ ही वस्ती होती. तिथले फर्स्ट आफ्रिकन बाप्टिस्ट चर्च १८९३ मध्ये स्थापन झाले. सध्याची लहानशी लाकडी वास्तू १९३७ची. १९९६ मध्ये जॉन केनेडी (धाकटे) यांचे लग्न येथे लागले आणि चर्च जगाला माहीत झाले. सी कॅम्पपासून ते सुमारे २४ किमी. दूर असल्याने मार्गदर्शकासह जाणाऱ्या व्हॅनमध्ये आधीच जागा राखून ठेवावी. त्यासाठी डंजनेस पाहायचे राहिले तरी चालेल.