म्यानमारचा नागरिकत्व कायदा (१९८२)

म्यानमारचा (पूर्वीचा ब्रह्मदेश) नागरिक कोणाला म्हणावे, हे ठरविणारा कायदा. जनरल ने विन यांच्या एकपक्षीय राजवटीत तो संमत झाला आणि १५ ऑक्टोबर १९८२ पासून अमलात आला. जन्मस्थान आणि दीर्घ वास्तव्य यांपेक्षा वांशिक गटाला प्राधान्य, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य. या कायद्यामुळे आणि त्याच्या पक्षपाती अंमलबजावणीमुळे राखाईन राज्यातील रोहिंग्या मुस्लिम कोणत्याही देशाचे नागरिक उरले नाहीत. जगातील सर्वांत मोठ्या राज्यविहीन समूहांत त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी : आराकान (आताचे राखाईन) आणि शेजारचा चितगाव प्रदेश यांच्यात ब्रिटिशांच्या आधीपासून लोकांची ये-जा होती. पहिल्या इंग्रज–ब्रह्मी युद्धानंतर १८२६ च्या यांदाबूच्या तहाने आराकान ब्रिटिशांकडे गेले. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग असल्याने भातशेती, बंदरे, कचेऱ्या आणि सावकारी यांसाठी हिंदुस्थानातून मोठे स्थलांतर झाले. त्याविषयीचा रोष १९३० व १९३८ च्या दंगलींत दिसून आला. आराकानात मात्र जुने रहिवासी आणि नंतर आलेले यांची सरमिसळ झालेली होती. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांच्या १७९९ च्या लेखनात तेथील मुस्लिमांसाठी ‘रूइंगा’ असे नाव आढळते, म्हणजे हा समूह ब्रिटिश राजवट आल्यानंतर उपटला, हे म्हणणे टिकत नाही.

४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्या वर्षीचा नागरिकत्व कायदा तुलनेने उदार होता. ज्यांच्या किमान दोन पिढ्या ब्रह्मदेशात स्थायिक होत्या आणि जे स्वतः व ज्यांचे आईवडील तेथे जन्मले होते, त्यांना तो नागरिक मानी. अनेक रोहिंग्यांना राष्ट्रीय नोंदणीपत्रे मिळाली, त्यांनी मतदान केले आणि त्यांचे प्रतिनिधी संसदेत बसले. ने विन यांच्या २ मार्च १९६२ च्या लष्करी बंडानंतर वारे फिरले. दुकाने व व्यापार यांच्या राष्ट्रीयीकरणामुळे लाखो भारतीय वंशाच्या लोकांना देश सोडावा लागला. १९७८ मध्ये परकीयांच्या शोधासाठी ‘नागामिन’ मोहीम राबविण्यात आली. तिच्यातील अत्याचारांमुळे सुमारे २ लाख रोहिंग्या बांगलादेशात पळाले. दोन्ही देशांतील करारानुसार त्यांतील बहुतेक परतले आणि लवकरच नवा कायदा आला.

प्रमुख तरतुदी : कायद्याने नागरिकांचे तीन वर्ग केले : पूर्ण नागरिक, सहनागरिक आणि स्वीकृत नागरिक. काचिन, काया, कारेन, चिन, बर्मन, मोन, राखाईन व शान हे गट आणि १८२३ पूर्वीपासून देशात वसलेले वांशिक गट कलम ३ नुसार जन्मतः नागरिक ठरतात. १८२३ हे वर्ष इंग्रजांशी झालेल्या पहिल्या युद्धाच्या लगेच आधीचे. एखादा गट राष्ट्रीय आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कलम ४ ने राज्यमंडळाला दिला. पुढे सरकारने १३५ मान्य गटांची यादी पुढे केली. तीत रोहिंग्या नाहीत.

१९४८ च्या कायद्याखाली ज्यांचे अर्ज आधीच दाखल होते, ते सहनागरिक होऊ शकत. ४ जानेवारी १९४८ पूर्वी देशात येऊन राहिल्याचा निर्णायक पुरावा देणाऱ्यांना व त्यांच्या संततीला स्वीकृत नागरिकत्व मागता येते. त्यासाठी १८ वर्षे पूर्ण असणे, एखादी राष्ट्रीय भाषा चांगली बोलता येणे, चारित्र्य चांगले असणे अशा अटी आहेत. या दोन दुय्यम वर्गांचे हक्क राज्याला मर्यादित करता येतात आणि त्यांचे नागरिकत्वही काढून घेता येते. निर्णय गृह, संरक्षण व परराष्ट्र या खात्यांच्या मंत्र्यांच्या मध्यवर्ती मंडळाकडे असतो. त्यावरचे अपील न्यायालयात नव्हे, तर मंत्रिमंडळापुढे चालते. कलम ७१ नुसार निर्णयाची कारणे दिली जात नाहीत. ज्या निर्णयावर माणसाचे सारे आयुष्य अवलंबून आहे, त्याचे कारण विचारण्याची सोयच कायद्याने ठेवली नाही.

अंमलबजावणी : कायदा लागू होताना जे नागरिक होते ते नागरिकच राहतील, असे कलम ६ सांगते. ते प्रामाणिकपणे पाळले असते, तर असंख्य रोहिंग्यांचे नागरिकत्व टिकले असते. प्रत्यक्षात १९८९ पासूनच्या फेरनोंदणीत पूर्ण नागरिकांना गुलाबी, सहनागरिकांना निळी आणि स्वीकृत नागरिकांना हिरवी ओळखपत्रे देण्याचे ठरले. अनेक रोहिंग्यांनी जुनी पत्रे जमा केली, पण त्यांच्या हाती नवी आलीच नाहीत. १९९५ पासून त्यांना तात्पुरती पांढरी कार्डे देण्यात आली. ती नागरिकत्वाचा पुरावा नव्हती, तरी त्यांच्या आधारे २०१० च्या निवडणुकीत मतदान करता आले. ३१ मार्च २०१५ रोजी ती रद्द झाली आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत मताधिकार गेला. त्यानंतरची ‘राष्ट्रीय पडताळणी कार्डे’ घेणे म्हणजे आपण परके असल्याचे कबूल करणे, या भावनेने बहुतेकांनी ती नाकारली. २०१४ च्या जनगणनेत स्वतःला रोहिंग्या म्हणविणाऱ्यांची नोंदच घेतली गेली नाही. राखाईनमधील सुमारे १०.९ लाख लोक मोजणीबाहेर राहिले.

मानवी हक्कांवरील परिणाम : नागरिकत्व नसल्याची झळ रोहिंग्यांच्या रोजच्या जगण्याला लागली. दुसऱ्या गावी जायला परवाना आणि लग्नाला अधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची झाली. उत्तर राखाईनमधील मौंगडॉ व बुथिडौंग भागांत दोनच मुलांची अट घातली गेली. त्यापलीकडची मुले कुटुंबनोंदीत येत नसत, म्हणून अनेक मुलांचे आयुष्य नोंदीशिवायच सुरू झाले. राखाईनमधील २०१२ च्या हिंसाचारात सुमारे १.४ लाख लोक विस्थापित झाले. त्यांतील बहुतेक रोहिंग्या होते आणि ते सित्त्वेजवळच्या छावण्यांत अडकून पडले. सित्त्वे विद्यापीठाची दारे रोहिंग्या तरुणांना बंद झाली. चिनी, भारतीय व नेपाळी वंशाच्या अनेक कुटुंबांनाही या कायद्याखाली दुय्यम दर्जा आणि वर्षानुवर्षांची कागदपत्रांची वणवण सोसावी लागली.

संघर्ष व निर्वासन : १९९१-९२ मध्ये सुमारे अडीच लाख रोहिंग्या पुन्हा बांगलादेशात गेले. २५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘आर्सा’ या रोहिंग्या सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतरच्या लष्करी मोहिमेत हत्या, बलात्कार व जाळपोळ झाली आणि ७ लाखांहून अधिक लोक बांगलादेशातील कॉक्स बाजारकडे पळाले. आदल्याच दिवशी कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. १९८२ च्या कायद्याचा फेरविचार करावा, अशी त्याची शिफारस होती. परत पाठवणीचा करार नोव्हेंबर २०१७ मध्ये झाला, परंतु २०१८ व २०१९ मधील प्रयत्नांच्या वेळी स्वेच्छेने परतायला कोणी पुढे आले नाही. आधी नागरिकत्व व सुरक्षितता द्या, मग परतू, अशी निर्वासितांची मागणी होती.

आंतरराष्ट्रीय कायदा : मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या (१९४८) कलम १५ नुसार प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. म्यानमारने १९९१ मध्ये बालहक्क करार स्वीकारला. त्यातील कलम ७ मुलाची जन्मनोंद आणि राष्ट्रीयत्व मिळविण्याचा हक्क यांची हमी देते. राज्यविहीनतेविषयीच्या १९५४ व १९६१ च्या करारांत मात्र म्यानमार सामील नाही. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी गांबियाने वंशसंहारविरोधी कराराखाली म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले आणि २२ जुलै २०२२ रोजी म्यानमारचे प्राथमिक आक्षेप फेटाळले.

२०२१ नंतर : १ फेब्रुवारी २०२१ च्या बंडाने लष्कर पुन्हा सत्तेवर आले. विरोधी ‘राष्ट्रीय एकता सरकार’ने ३ जून २०२१ रोजी हा कायदा रद्द करून जन्माधारित नागरिकत्व देण्याचे आश्वासन दिले. २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा ज्यांना नागरिक मानले जात नाही त्या रोहिंग्या पुरुषांनाही लष्कराने सैन्यात ओढले. त्याच वर्षी लष्कराशी लढणाऱ्या ‘आराकान आर्मी’ या राखाईन सशस्त्र गटाने बुथिडौंग व मौंगडॉ जिंकले. तेथील रोहिंग्या दोन्ही सैन्यांच्या मधोमध सापडले आणि आणखी हजारो लोक सीमेपलीकडे गेले.

मूल्यमापन : कायद्याचे समर्थक त्याला वसाहतकाळातील स्थलांतरावरचा उपाय म्हणतात. पण आजोबा-पणजोबांच्या येण्याचा पुरावा नातवंडाकडे मागणे आणि पुराव्याची कागदपत्रे राज्यानेच जमा करून घेणे, हा कोणत्याही इतिहासावरचा न्याय्य उपाय नाही. राखाईनमधील हिंसाचाराला इतरही कारणे आहेत, परंतु त्याला कायदेशीर आधार मिळाला तो येथून. देशात जन्मलेल्या प्रत्येकाला वंश न पाहता समान नागरिकत्व, नकाराची लेखी कारणे आणि स्वतंत्र न्यायालयात अपील, या तीन गोष्टींवाचून निर्वासितांचे परतणे सुरक्षित होणार नाही आणि टिकणारही नाही.