कुलगुरूंचा समुद्रसिंह, पोरांची गोगलगाय

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत १९८६ साली एक मतदान झालं. सांताक्रूझ म्हणजे लोकलचं स्टेशन नव्हे, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मॉन्टेरे उपसागराच्या काठावरचं गाव. विद्यापीठाचा शुभंकर कोण असावा, एवढाच प्रश्न होता. एका बाजूला समुद्रसिंह, म्हणजे सी लायन, आणि दुसऱ्या बाजूला शंख नसलेली, केळ्याच्या रंगाची आणि जवळपास केळ्याएवढीच गोगलगाय. गोगलगायीला पंधरास एक या प्रमाणात मतं पडली, आणि कुलगुरूंनी हा निकाल मानायला साफ नकार दिला.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो. भाची त्या गावात नोकरीला आहे, म्हणून अधूनमधून तिच्याकडे मुक्काम असतो. पहिल्याच मुक्कामात तिने विद्यापीठाचा पिवळा टीशर्ट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मामा, घाला. इथे सगळे घालतात." छातीवर गोगलगाय! आमच्याकडे २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर अंथरायची, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हे काम आमच्या घरच्यांनी केलेलं. सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली होती. तो प्राणी मी छातीवर मिरवायचा? टीशर्ट घडी करून ठेवला. पण इतिहासाच्या मास्तराला प्रश्न पडला की चैन पडत नाही, म्हणून हे प्रकरण खणत बसलो.

शुभंकर म्हटलं की माझ्या पिढीला १९८२ च्या दिल्ली एशियाडचा अप्पू हत्ती आठवतो. स्पर्धा संपली, अप्पूही संपला. अमेरिकेतल्या विद्यापीठांचं तसं नसतं. तिथे शुभंकर हेच संघाचं नाव होतं, ते गणवेशावर चढतं, मैदानावर त्याच्या नावाने आरोळ्या उठतात, आणि माजी विद्यार्थी म्हातारपणीही स्वतःची ओळख त्याच नावाने करून देतात. त्यामुळे बहुतेकांनी वाघ, अस्वल, गरुड, लढवय्ये असं काहीतरी दात-नखांचं निवडलेलं असतं.

सांताक्रूझचं विद्यापीठ मुळातच वेगळ्या हट्टाने उभं राहिलं. जागा जुन्या कॉवेल रँचची, सुमारे दोन हजार एकर. कॉवेल घराण्याचा धंदा चुन्याचा. इथला दगड भट्ट्यांत भाजून चुना सॅन फ्रान्सिस्कोच्या बांधकामांवर जायचा. त्या भट्ट्या अजून विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ उभ्या आहेत. सरपणासाठी डोंगरावरची रेडवूडची झाडं तोडली गेली. आज जे आभाळाला टेकलेलं रान दिसतं ते बरंचसं त्यानंतर वाढलेलं आहे. त्या रानात समुद्रावरून धुकं येतं, खाली पालापाचोळा कुजतो, अळंबी उगवतात, आणि ते सगळं खाऊन जमिनीला परत देण्याचं काम ही पिवळी गोगलगाय करते. शास्त्रीय नाव अॅरिओलिमॅक्स. लांबी काही वेळा २५ सेंटिमीटरपर्यंत. अंगावरच्या चिकट स्रावाने जीभ बधिर होते. हे कुणी जीभ लावून पाहिलं असेल, असा प्रश्न मी भाचीला विचारला, तर ती नुसती हसली. तिथल्या विद्यार्थ्यांत तो एक उद्योगच आहे म्हणे.

विद्यापीठ १९६५ मध्ये उघडलं तेव्हा वसतिगृहं तयार नव्हती, पहिल्या तुकडीची पोरं ट्रेलरमध्ये राहिली. गुणांऐवजी प्राध्यापक प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल लेखी अभिप्राय देत. फुटबॉलचा संघ नव्हताच. खेळ सगळ्यांसाठी, जिंकण्यासाठी नव्हे, असा तिथला एकंदर सूर. अशा वातावरणात पोरांनी गमतीने स्वतःला 'बनाना स्लग्ज' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. कुठे ठराव नाही, समिती नाही. दुसऱ्या विद्यापीठांच्या दात-नखांच्या हौसेला त्यांनी काढलेला तो चिमटा होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठाचे काही संघ आंतरविद्यापीठीय स्पर्धांत, म्हणजे एनसीएए या तिथल्या विद्यापीठीय खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत उतरले. आता कागदावर अधिकृत नाव लागणार. काही खेळाडूंना आणि कुलगुरूंना गोगलगाय अंमळ लाजिरवाणी वाटली. समुद्रसिंह ठरला. निवड तशी गैर नव्हती. सांताक्रूझच्या लाकडी धक्क्याखाली हे प्राणी आडव्या तुळयांवर लोळत असतात आणि त्यांचं भुंकणं धक्क्यावर चालताना पायाखालून ऐकू येतं. व्यायामशाळेच्या मैदानात मधोमध समुद्रसिंहाचं चित्र रंगवलं गेलं. प्रेक्षक मात्र गोगलगायीच्याच नावाने ओरडत राहिले. चित्र समुद्रसिंहाचं आणि घोषणा गोगलगायीच्या, असा संसार पाच वर्षं चालला.

कुलगुरू (तिथले चान्सलर, आपल्या हिशेबाने कुलगुरूच) होते रॉबर्ट सिन्शायमर. हा माणूस रुक्ष प्रशासक नव्हता. कॅलटेकमधून आलेला नामांकित जीवशास्त्रज्ञ, विषाणूच्या डीएनएवर पायाभूत काम केलेला. १९७७ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा सांताक्रूझची अवस्था नाजूक होती. विद्यार्थिसंख्या घटत होती. हिप्पींचं विद्यापीठ, तिथे अभ्यास होत नाही, अशी हाकाटी होती. पालकांना आणि सरकारला ही संस्था गंभीर आहे हे पटवून द्यायची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, त्याला दर शनिवारी 'गोगलगाय जिंदाबाद' ऐकून काय वाटत असेल याची मला कल्पना येते. त्यांच्या नकारामागचा मुद्दाही पोकळ नव्हता. नाव खेळाडूंच्या छातीवर लागतं, परगावी जाऊन हसू त्यांनाच झेलावं लागतं, तेव्हा निवडायचा अधिकार खेळाडूंचाच, बाकीच्यांचा नव्हे.

पण समाजातले नेमके कोण मत देणार हे मतदानानंतर ठरवायचं, ही युक्ती जुनी आहे. आमच्या कॉलेजांतही तेव्हा विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका होत. निकाल नको तसा लागला की पात्रतेची कलमं आठवणारे प्राचार्य मी पाहिले आहेत. पुढे १९९४ च्या कायद्याने महाराष्ट्रात त्या निवडणुकाच गेल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली, म्हणजे तेवढीही दगदग उरली नाही. सांताक्रूझची पोरं मात्र गोगलगाय नि पोटात पाय. त्यांनी आरडाओरडा केला, पण कुलगुरूंची अटही अंगावर घेतली. खेळाडूंचा कौल घेतला गेला. तोही निघाला गोगलगायीच्या बाजूने, पाचास एक.

आता बोलायला काही उरलं नव्हतं. सिन्शायमर यांनी मान्यता दिली, आणि ती रडत-कुढत दिली नाही हे मला फार आवडलं. गोगलगायीची जात सुधारण्यासाठी विद्यार्थ्यांनी जनुकशास्त्रीय संशोधन करावं आणि त्यासाठी आपण निधी उभारू, असं त्यांनी सुचवून टाकलं.

शुभंकरासाठी असे कौल दुसरीकडेही झाले, पण प्रत्येकाची गोष्ट वेगळी. सांताक्रूझच्या दक्षिणेला अर्व्हाइनमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचीच आणखी एक शाखा त्याच वर्षी, १९६५ मध्ये उघडली होती. तिथे पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांनी मतदान केलं आणि सुमारे ५६ टक्के मतांनी मुंगीखाऊ निवडला. वॉटरपोलो खेळणाऱ्या दोघा पोरांची ती कल्पना, जॉनी हार्ट यांच्या 'बी.सी.' या चित्रपट्टीतल्या मुंगीखाऊवरून सुचलेली. तो जीभ फेकतो तेव्हा 'झॉट' असा आवाज येतो, तीच त्यांची आरोळी झाली. तिथे कुणी अडवलं नाही. नव्या विद्यापीठाची पत अजून तयारच व्हायची होती, ती जाण्याची भीती कुणाला वाटणार?

स्टॅनफर्डची गोष्ट मात्र मतमोजणीवर सुटणारी नव्हती. १९३० पासून त्यांचा शुभंकर 'इंडियन' होता, म्हणजे मूळ रहिवासी, मोठ्या नाकाचं हास्यचित्र करून. १९७२ मध्ये मूळ रहिवासी समाजातल्या ५५ विद्यार्थी-कर्मचाऱ्यांनी अर्ज दिला आणि अध्यक्ष रिचर्ड लायमन यांनी शुभंकर रद्द केला. हजारो माजी विद्यार्थी चिडले. बहुमताचा कौल घेतला असता तर इंडियन बहुधा टिकला असता. पण दुसऱ्या माणसांचा पोशाख करून नाचायची परवानगी बहुमत देऊ शकत नाही, असं माझं मत आहे, आणि त्यात मला तडजोड दिसत नाही. त्यानंतर १९७५ मध्ये नव्या नावासाठी मतदान झालं तेव्हा पोरांनी सर्वात जास्त मतं 'रॉबर बॅरन्स' या नावाला दिली. विद्यापीठाचे संस्थापक लिलँड स्टॅनफर्ड हे रेल्वेवर गबर झालेले धनिक, आणि अशा लुटारू धनिकांना तिकडे हेच म्हणतात! प्रशासनाने अर्थातच मान फिरवली. अखेर १९८१ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी जाहीर केलं की संघाचं नाव 'कार्डिनल', म्हणजे गडद लाल रंग. अधिकृत शुभंकर नाहीच. बँडवाल्यांनी गमतीने आणलेलं झाड तेवढं मैदानावर नाचत असतं.

सगळ्यात लांबलं ते नॉर्थ डकोटा विद्यापीठाचं. त्यांचंही नाव १९३० पासून 'सू' या जमातीवरून, 'फायटिंग सू'. हॉकीवेडं विद्यापीठ. राल्फ एंगेलस्टाड या माजी खेळाडूने, जो लास व्हेगासचा कॅसिनोमालक झाला होता, १० कोटी डॉलरहून जास्त खर्चून हॉकीचं भव्य मैदान बांधून दिलं. ते बांधत असताना त्याने लेखी धमकी दिली होती की नाव बदललंत तर काम अर्धवट सोडीन. मैदान २००१ मध्ये उघडलं, आणि त्यात ती चिन्हं हजारोंनी कोरून ठेवली होती, म्हणजे पुढे काढायची म्हटली तरी फोडावं लागावं. २००५ मध्ये एनसीएएने असली नावं असणाऱ्यांना आपल्या अंतिम स्पर्धांत बंधनं घातली. कोर्टकचेरीनंतर २००७ मध्ये तडजोड झाली की स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या दोन्ही सू वसाहतींनी संमती दिली तरच नाव राहील. स्पिरिट लेकच्या लोकांनी २००९ मध्ये मतदान करून होकार दिला. स्टँडिंग रॉकने दिला नाही. २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला की नाव बदलायचं नाही, आणि काही महिन्यांत तो मागे घेतला. मग जून २०१२ मध्ये राज्यभर सार्वमत झालं आणि सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी ते नाव सोडून द्यायला मान्यता दिली.

पुढची तीन वर्षं संघ बिननावाने खेळला. २०१५ मध्ये समिती नेमली, लोकांकडून नावं मागवली, गाळत गाळत पाच उरली. 'नुसतं नॉर्थ डकोटा राहू द्या' असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, पण तो पर्यायच यादीतून वगळला गेला. विद्यार्थी, कर्मचारी, माजी विद्यार्थी, देणगीदार, हंगामाची तिकिटं घेणारे, सगळ्यांना मत होतं, फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, आणि शेवटी 'फायटिंग हॉक्स' ५७ टक्क्यांनी जिंकले. प्रक्रियेत नाव ठेवायला जागा नाही. तरी हॉकीच्या सामन्यांना जुने शर्ट घालून येणारे आणि राष्ट्रगीताचा शेवटचा शब्द ओरडून 'सू' करणारे पुढेही दिसत राहिले. समितीने लोकांना विचारलं, पण लोक काय ओरडतात ते ऐकून घेण्याची सोय तिच्या यादीत नव्हती. सांताक्रूझमध्ये क्रम नेमका उलटा होता. नाव वीसेक वर्षं तोंडी रुळलं, कागद मागून आला. शिवाय तिथे कुणाचं काढून घेतलेलं परत करायचं नव्हतं. हा हिशेब सोपा होता, हेही मान्य करायला हवं.

गोगलगाय अधिकृत झाल्यावर तिची भरभराट झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं लॅटिन बोधवाक्य 'फियाट लक्स', प्रकाश होवो. पोरांनी त्याचं 'फियाट स्लग' करून टीशर्ट छापले. तसल्याच गोगलगायीचा एक शर्ट १९९४ च्या 'पल्प फिक्शन' या सिनेमात जॉन ट्रॅव्होल्टाच्या अंगावर आहे. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून तिला राज्याची अधिकृत गोगलगाय ठरवलं. ही बातमी मी फोनवर धाकट्या भावाला सांगितली. तो म्हणाला, "त्यांना सोयाबीन लावायला सांग, मग बघू कायदा."

सिन्शायमर १९८७ मध्ये पायउतार झाले. त्यांचं नाव आज गोगलगायीपेक्षा दुसऱ्याच कारणाने घेतलं जातं. १९८५ च्या मे महिन्यात, म्हणजे त्या मतदानाच्या आदल्या वर्षी, त्यांनी सांताक्रूझमध्ये निवडक शास्त्रज्ञांची बैठक बोलावली होती. माणसाचा संपूर्ण जिनोम वाचता येईल का, हा विषय. दुर्बिणीसाठी येऊ घातलेली मोठी देणगी विद्यापीठाच्या हातून गेली होती, त्या तोलामोलाचं काही जीवशास्त्रात करावं, ही त्यामागची खटपट. जुलै २००० मध्ये मानवी जिनोमचा पहिला जुळवलेला मसुदा जगासाठी खुला झाला तो याच विद्यापीठातून. आणि पुढे तिथल्याच विद्यार्थ्यांचा एक वर्ग बनाना स्लगचा जिनोम जुळवायला बसला. सिन्शायमर २०१७ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी वारले. थट्टेत सुचवलेलं ते जात सुधारण्याचं काम अजून कुणी हाती घेतलेलं नाही.