साबणाचे कोडे आणि पाषाणची प्रयोगशाळा

१/ ३ जानेवारी १९५०. भारत प्रजासत्ताक होण्यास अजून २३ दिवस होते. पुण्यात पाषाण रस्त्यावर पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. कॅनडात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाच्या कीर्तीचे मूळ एका घरगुती वस्तूत होते: साबण.

२/ ब्रिस्टल विद्यापीठात असताना मॅकबेन यांना एक कोडे पडले होते. साबणाच्या दाट द्रावणात स्वतंत्र कण अपेक्षेहून फारच कमी भासत. तरीही त्यातून वीज उत्तम वाहत असे. हे कसे?

३/ १९१३ मध्ये त्यांनी उत्तर मांडले: साबणाचे कण आपणहून एकत्र येतात आणि विद्युतभारित पुंजके बनवतात. हेच ‘मिसेल’. सभेच्या अध्यक्षांनी ही कल्पना मूर्खपणाची म्हणून झटकून टाकली, अशी आख्यायिका आहे. १९३९ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांनाच डेव्ही पदक दिले.

४/ साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाणी टाळते. पाणी टाळणारी टोके आत दडतात, उरलेली बाहेर राहतात. ही रचना बाहेरून कोणी करत नाही.

५/ मॅकबेन १९५३ मध्ये निवर्तले. १९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी ‘जिवंत’ पॉलिमर घडवले. साखळीचे टोक क्रियाशील राहत असल्याने तिला पुढे वेगळ्या घटकाचा तुकडा जोडता येऊ लागला. असे ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे जणू महाकाय साबण! न पटणारे दोन तुकडे एकमेकांना बांधलेले. दूर जाता येत नाही, म्हणून ते नॅनोमीटरच्या मापाचे गोल, दंड आणि थर रचतात.

६/ ही बांधणी पक्क्या बंधाचीच हवी काय? सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राने नकार दिला. लेन, क्रॅम आणि पेडरसन यांना १९८७ चे नोबेल मिळवून देणारी हीच शाखा. हायड्रोजन बंध किंवा धातूचा आयनही दोन साखळ्या जोडू शकतो. आणि ती गाठ पुन्हा सोडवताही येते.

७/ पाषाणला हा धागा वेगळ्या रूपाने परतला. गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये येथे रुजू झाले. त्यांनी, आशिष लेले आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की विशिष्ट पॉलिमर जेलचा भरीव तुकडा तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवला, तर तो आपोआप पोकळ होतो. हे ब्लॉक कोपॉलिमर नव्हते. तत्त्व मात्र तेच, आणि या वेळी रचना डोळ्यांना दिसणारी.

८/ २००६ मध्ये त्यांनी कापलेले जेल धातूच्या आयनांनी पुन्हा सांधून दाखवले. पहिल्या संचालकांनी साबणाच्या पाण्यात जे ताडले होते, ते त्यांच्याच प्रयोगशाळेत आता हातात धरता येत होते.