टेक्सस फ्लड

अमेरिकन ब्लूज-गिटारवादक व गायक स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–९०) याची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. ‘एपिक’ कंपनीने ती जून १९८३ मध्ये प्रकाशित केली. त्याच्या ‘डबल ट्रबल’ या संचात टॉमी शॅनन (बेस गिटार) व क्रिस लेटन (ड्रम) हे साथीदार होते.

जुलै १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो जॅझ महोत्सवात या संचाची काही श्रोत्यांनी हुर्यो उडविली. तथापि तेथेच गायक जॅक्सन ब्राउन याने लॉस अँजेल्समधील आपला ध्वनिमुद्रणकक्ष त्यांना विनामूल्य देऊ केला. नोव्हेंबरमध्ये अवघ्या दोन-तीन दिवसांत, मैफलीप्रमाणे एकत्र वाजवून, मुद्रण पार पडले. हेतू केवळ नमुना तयार करण्याचा होता. बॉब डिलनला पुढे आणणारा निर्माता जॉन हॅमंड याच्या पुढाकाराने तोच ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध झाला. सिंथेसायझरचे प्राबल्य असलेल्या त्या काळात हा साधेपणा उठून दिसला.

दहापैकी सहा रचना व्हॉनच्या असून त्यांतील एक सहरचित आहे. शीर्षकगीत मूळ लॅरी डेव्हिस याने १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले. जाड तारा व अर्ध्या स्वराने उतरविलेले वाद्य यांमुळे व्हॉनच्या वादनास भारदस्त नाद लाभला. त्याच्या द्रुत वादनाचीच वाखाणणी अधिक होते. परंतु त्याचे खरे सामर्थ्य विलंबित लयीतील हे शीर्षकगीत व पत्नीला उद्देशून रचलेली ‘लेनी’ ही शब्दविरहित रचना यांतच प्रत्ययास येते. डिसेंबर १९८३ मध्ये, ज्याच्या शैलीवर तो पोसला त्या ॲल्बर्ट किंग या कृष्णवर्णीय वादकासमवेत त्याने कॅनडात दूरचित्रवाणीसाठी वादन केले.