कोरोनात शाळा उघडायची की नाही, हे गावाने कसं ठरवलं? जालन्यासारख्या जिल्ह्यात काय पणाला लागलं होतं?

मार्च 2020 मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. त्यानंतरची दोन वर्षं 'शाळा कधी उघडणार?' हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता. उत्तर मात्र सतत बदलत राहिलं. 23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावीचे आणि 27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू करायला राज्याने परवानगी दिली. दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागलं.

गावावर सोपवलेला निर्णय

7 जुलै 2021 च्या शासन निर्णयाने वेगळी वाट धरली. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही, तिथे आठवी ते बारावीचे वर्ग भरवता येणार होते. त्यासाठी ग्रामपंचायतीने पालकांशी चर्चा करून ठराव करायचा. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची. तिच्यात तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी असे सगळे. मंजूर झालंच तर एका बाकावर एक विद्यार्थी, बाकांमध्ये सहा फूट अंतर आणि वर्गात जास्तीत जास्त 15 ते 20 मुलं. 15 जुलैपासून अशा गावांत शाळा भरू लागल्या.

तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे जालना जिल्ह्यातल्याच घनसावंगीचे आमदार, तर शालेय शिक्षण खातं वर्षा गायकवाड यांच्याकडे होतं. पण खरी कसोटी मंत्रालयाबाहेर, गावात होती. नियमांतली एक अट बघा: शिक्षकांनी शक्यतो गावातच राहावं किंवा सार्वजनिक वाहतूक टाळावी. मराठवाड्यात शहरातून रोज अप-डाउन करणारे शिक्षक किती, हे गावकऱ्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय 'रुग्ण नाही' याचा अर्थ आजार नाही, की चाचणीच झाली नाही, हेही नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

आधी मोठी मुलं की लहान?

राज्याने वरच्या वर्गांपासून सुरुवात केली. कारण सरळ होतं: मोठी मुलं मास्क नीट लावतात आणि दहावी-बारावीची परीक्षा डोक्यावर असते. मात्र 20 जुलै 2021 रोजी आयसीएमआरचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव म्हणाले की, शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून उघडणं शहाणपणाचं ठरेल, कारण लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला झेलतात. चौथ्या सेरो सर्वेक्षणात 6 ते 17 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये अँटिबॉडी सापडल्या होत्या. म्हणजे शाळा बंद असूनही संसर्ग मुलांपर्यंत पोहोचलाच होता. डेन्मार्कने तर एप्रिल 2020 मध्येच लहान मुलांचे वर्ग आधी उघडले होते.

आणखी एक साधी गोष्ट. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा बहुधा गावातच असते आणि मुलंही त्याच गावची. हायस्कूलला आसपासच्या चार गावांतली मुलं येतात. गाव हाच निकष असेल, तर तो प्राथमिक शाळेला जास्त लागू पडत होता. तरीही पहिली ते चौथीला सर्वांत शेवटी ठेवलं गेलं.

ऑगस्टमध्ये आणखी वर्ग उघडण्याचा आदेश निघाला, पण टास्क फोर्सच्या सल्ल्यानंतर तो थांबला. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाले. पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्याची तारीख होती 1 डिसेंबर.

डिसेंबर उशिरा का?

जालना जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघतं ते उन्हाळ्यात परततं. मागे मुलांना ठेवायचं तर आजी-आजोबा किंवा हंगामी वसतिगृहाचा आधार असतो, आणि हे वसतिगृह शाळेच्याच जिवावर चालतं. शाळा बंद म्हटल्यावर लहान मूल आई-बापाबरोबर फडावर जाणं साहजिक. डिसेंबरात घंटा वाजली तेव्हा त्यातली कितीतरी मुलं गावात नव्हती.

मुलींची काळजी वेगळीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार 20 ते 24 वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के, तर जालन्यात एक तृतीयांशाच्या घरात आहे. हा आकडा कोरोनाने तयार केलेला नाही. पण जिथे मुलीचं शाळेत जाणं हेच लग्न लांबवण्याचं कारण असतं, तिथे बंद शाळेची किंमत वेगळी असते.

'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमातून मोबाइलवर अभ्यास पाठवला गेला, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका लागली. घरात फोन एक आणि तोही वडिलांबरोबर शेतात, अशा घरी त्यातलं थोडंच पोहोचलं.

ओमायक्रॉनमुळे जानेवारी 2022 मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या. 15 फेब्रुवारीपर्यंतची बंदी अलीकडे आणून 24 जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या संमतीने त्या उघडल्या.

2022 च्या 'असर' सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी 20.5 टक्के निघाली. 2018 मध्ये ती 27.3 टक्के होती. महाराष्ट्रातली घसरण याहून मोठी होती. ही तिसरीतली मुलं 2020 मध्ये पहिलीत दाखल झाली होती. राज्याच्या खेड्यांत त्यांच्यासाठी वर्ग पहिल्यांदा उघडला, तेव्हा ती दुसरीत पोहोचली होती.